संत आयरेनियस यांचा ‘पाखंडमतांविरुद्ध’ : जुने इंग्रजी भाषांतर आजही विकत घ्यावे का?

दुसऱ्या शतकातील ल्योंचे (आजच्या फ्रान्समधील) बिशप संत आयरेनियस यांनी आपल्या काळातील पाखंडमतांचे खंडन करण्यासाठी पाच भागांचा ग्रंथ लिहिला. तो इंग्रजीतून वाचायला बसणाऱ्याच्या हाती आजही बहुधा अलेक्झांडर रॉबर्ट्स आणि डब्ल्यू. एच. रॅम्बॉट यांचे भाषांतरच पडते. हे भाषांतर एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात एडिंबरोहून निघाले. पुढे 1885 साली अमेरिकेत बिशप ए. क्लीव्हलँड कॉक्स यांनी नायसियाच्या धर्मपरिषदेपूर्वीच्या (इ. स. 325) ख्रिस्ती लेखकांची जी ग्रंथमाला संपादित केली, तिच्या पहिल्या खंडात ते आले. रोमचे क्लेमेंट, अंत्युखियाचे इग्नेशियस, पॉलिकार्प, जस्टिन मार्टर आणि आयरेनियस असे सगळे या एकाच खंडात आहेत, आणि त्यातली सुमारे अडीचशे पाने एकट्या आयरेनियस यांनी व्यापलेली आहेत. स्वामित्वहक्क केव्हाच संपल्यामुळे हा मजकूर संगणकावर विनामूल्य मिळतो आणि छापील पुनर्मुद्रणेही बरीच आहेत. येथे परीक्षण आहे ते या खंडाचे. माझे मत आधीच सांगतो : हा खंड घ्यावा, पण त्याच्या उणिवा ठाऊक ठेवून घ्यावा आणि पहिल्या पानापासून वाचायला बसू नये.

लेखकाची ओळख असल्याशिवाय या ग्रंथाचा सूर कळत नाही. आयरेनियस यांचा जन्म सुमारे 130 सालचा, आणि बालपण आशिया मायनरमधील स्मुर्णा नगरात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझमीर येथे गेले. तेथे त्यांनी वृद्ध बिशप पॉलिकार्प यांची प्रवचने ऐकली, आणि पॉलिकार्प यांनी प्रभूचा शिष्य योहान याला स्वतः पाहिले होते. फ्लोरिनस नावाचा त्यांचा एक जुना सोबती पुढे भलत्या मताकडे वळला, तेव्हा आयरेनियस यांनी त्याला पत्र लिहिले. धन्य पॉलिकार्प कोठे बसून बोलत, कसे आत येत, कसे बाहेर जात, त्यांची देहयष्टी कशी होती आणि योहानाशी झालेल्या भेटींविषयी ते काय सांगत, हे सगळे आपल्याला अलीकडच्या घटनांपेक्षाही अधिक स्पष्ट आठवते, आणि ते आपण कागदावर नव्हे तर हृदयात टिपून ठेवले आहे, असे ते त्यात म्हणतात. चौथ्या शतकातील बिशप युसेबियसच्या ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासात जतन झालेला हा उतारा प्रस्तुत खंडाच्या अखेरीस, लुप्त लेखनाच्या अवशेषांत दिलेला आहे. माझ्या मते प्रत्येकाने आधी तोच वाचावा, कारण ‘आम्ही जे शिकवतो ते आम्हांला कोणाकडून मिळाले’ हा ग्रंथभर घुमणारा प्रश्न या आठवणीतूनच निघालेला आहे.

इ. स. 177 मध्ये सम्राट मार्कस ऑरिलियसच्या कारकिर्दीत ल्यों आणि व्हिएन येथील ख्रिस्ती लोकांचा भयंकर छळ झाला. नव्वदी उलटलेले बिशप पोथिनस तुरुंगात मरण पावले, आणि ब्लँडिना नावाच्या दासीने अनन्वित यातना सोसूनही श्रद्धा सोडली नाही. त्या वेळी तुरुंगातील साक्षीदारांचे पत्र घेऊन आयरेनियस रोमला गेलेले होते. परतल्यावर पोथिनस यांच्या जागी ते बिशप झाले. ज्या मंडळीने नुकतीच आपली माणसे गमावली होती, तिच्या मेंढपाळाने हा ग्रंथ लिहिलेला आहे. त्याची भाषा काही ठिकाणी कठोर होते त्याचे कारण येथे सापडते.

आता ग्रंथाकडे वळू. मूळ ग्रीक संहिता अखंड स्वरूपात उरलेली नाही. संपूर्ण ग्रंथ प्राचीन लॅटिन भाषांतरातच टिकला, आणि पहिल्या भागाचे बरेचसे ग्रीक शब्द वाचले ते सायप्रसमधील सलामिसचे बिशप एपिफेनियस यांनी चौथ्या शतकात आपल्या पाखंडविरोधी ग्रंथात ते उतरवून घेतल्यामुळे. रॉबर्ट्स आणि रॅम्बॉट यांनी प्रस्तावनेत प्रांजळपणे म्हटले आहे की, मूळ लेखकच मुळात दुर्बोध, त्यात लॅटिन भाषांतर ओबडधोबड, त्यामुळे काही ठिकाणी अर्थाचा केवळ अंदाज करावा लागतो. हा प्रांजळपणा मला मोलाचा वाटतो. त्यांनी अडलेली जागा गुळगुळीत करून वाचकाला फसवलेले नाही. जेथे वाक्य अडखळते तेथे तळटीप देऊन पर्यायी वाचन दाखवले आहे.

पहिला भाग हा आपल्या शास्त्रपरंपरेच्या भाषेत पूर्वपक्ष आहे. दुसऱ्या शतकातील नॉस्टिक, म्हणजे गुप्त ज्ञानाने मुक्ती मिळते असे मानणारा, शिक्षक व्हॅलेंटिनस याच्या अनुयायांची सृष्टिकथा आयरेनियस येथे तपशीलवार मांडतात : अदृश्य आणि अगाध असा आदिपिता, त्याच्यापासून जोडीजोडीने निघालेल्या तीस दैवी सत्ता, त्यांतील सर्वांत धाकटी सोफिया म्हणजे प्रज्ञा, तिचा आदिपित्याला जाणण्याचा अनावर मोह, त्यातून झालेले पतन आणि त्या पतनातून जन्मलेले हे जड जग. आपण या लोकांच्या टीका स्वतः वाचल्या आणि त्यांच्यापैकी काहींशी बोलून मते समजून घेतली, असे ते प्रारंभीच सांगतात. ज्या वाचकाने चार्वाकांविषयी जे काही वाचले ते माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’सारख्या प्रतिपक्षाच्या ग्रंथांतून वाचले, त्याला ही परिस्थिती ओळखीची वाटेल, कारण व्हॅलेंटिनसच्या पंथाविषयी जगाला शेकडो वर्षे जी माहिती होती ती मुख्यतः त्याच्या विरोधकांकडूनच आलेली होती.

नेमक्या याच भागात बहुतेक वाचक पुस्तक मिटतात. भाषांतरकारांनी सत्तांची ग्रीक नावे तशीच ठेवली असून ती मोठ्या अक्षरांत एकामागोमाग येत राहतात, आणि दोन स्तंभांतील बारीक टाइपात ती वाचताना कोण कोणापासून निघाले याचा पत्ता राहत नाही. तरीही या भागात तीन जागा अशा आहेत की त्यांच्यासाठी हा त्रास सोसावा. पहिली म्हणजे आठव्या प्रकरणातील राजाच्या चित्राचा दृष्टान्त. एखाद्या कुशल कारागिराने मौल्यवान खड्यांनी राजाची सुंदर प्रतिमा घडवली, आणि दुसऱ्याने तेच खडे उचकटून त्यांपासून कुत्र्याचे किंवा कोल्ह्याचे ओबडधोबड चित्र जुळवले व ‘हाच तो राजा’ म्हणून भोळ्या लोकांना दाखवले, तर खडे खरे असूनही चित्र खोटेच ठरेल. शास्त्रातील वचने संदर्भातून उपटून जुळवणाऱ्यांविषयी याहून नेमके कोणी काही म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही.

दुसरी जागा अकराव्या प्रकरणात आहे. प्रतिपक्षाच्या गंभीर नामावलीला कंटाळून आयरेनियस स्वतःच एक नामावली रचतात : सर्वांच्या आधी एक भोपळा होता, त्याच्याबरोबर निखळ पोकळी नांदत होती, त्या दोघांनी मिळून काकडी प्रकट केली, आणि काकडीबरोबर खरबूज. नावे मनाने ठेवायचीच असतील तर ही ठेवायला हरकत कोणती, असा त्यांचा प्रश्न आहे. ग्रंथ लिहिताना हा बिशप किती जिवंत मनाचा होता ते येथे दिसते, आणि भाषांतरकारांनीही हा उतारा रसाळपणे उतरवला आहे. तिसरी जागा म्हणजे तेराव्या प्रकरणातील मार्कस नावाच्या मांत्रिकाची हकीकत. हा मनुष्य मिश्रित द्राक्षारसाच्या पेल्यावर लांबलचक प्रार्थना म्हणत त्याचा रंग तांबडा-जांभळा करून दाखवी, आणि श्रीमंत घरांतील स्त्रियांना ‘तूही संदेश दे’ म्हणून भुलवी. त्याच्या शिष्यांनी आपल्याच भागात, ऱ्होन नदीच्या काठी, अनेक स्त्रियांना फसवले; त्यांतील काहींनी उघडपणे पश्चात्ताप केला, तर काहींना लाजेने तेही जमले नाही, असे आयरेनियस लिहितात. हे वाचताना कळते की त्यांचा राग केवळ सिद्धान्तांवर नव्हता. त्यांच्या मंडळीतील घरे मोडत होती.

आयरेनियस यांनी प्रतिपक्ष कितपत न्याय्यपणे मांडला, हा प्रश्न या खंडाच्या आधारे सुटत नाही, आणि ही त्याची पहिली मोठी उणीव आहे. 1945 साली इजिप्तमधील नाग हम्मादीजवळ कॉप्टिक भाषेतील हस्तलिखितांचे तेरा बाड सापडले, आणि नॉस्टिक पंथांचे स्वतःचे लेखन प्रथमच मोठ्या प्रमाणावर हाती आले. आयरेनियस यांनी पहिल्या भागाच्या एकोणतिसाव्या प्रकरणात ज्या सृष्टिकथेचा सारांश दिला आहे, तिच्याशी योहानाच्या नावावरील एका गूढ ग्रंथाचा मजकूर बराच जुळतो, हे आज सर्वमान्य आहे. ज्या ‘यहूदाच्या शुभवर्तमाना’चा ते एकतिसाव्या प्रकरणात उल्लेख करतात, त्या नावाचा कॉप्टिक ग्रंथही 2006 साली प्रसिद्ध झाला. यावरून त्यांनी हवेत वार केलेले नव्हते हे दिसते. दुसरीकडे, या सर्व पंथांची वंशावळ बायबलमधील जादूगार शिमोनापर्यंत नेऊन भिडवणे आणि त्यांच्यावर सरसकट अनाचाराचा आरोप करणे योग्य नव्हते, हेही त्याच हस्तलिखितांवरून कळते, कारण त्यांतील बराचसा उपदेश कडक वैराग्याचा आहे. कॉक्स यांच्या 1885 च्या टीपांत यांपैकी काहीही असणे शक्य नव्हते. म्हणून पहिला भाग वाचताना नाग हम्मादीच्या ग्रंथांचे एखादे चांगले भाषांतर शेजारी उघडे ठेवावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

दुसरा भाग तर्काने खंडन करणारा, लांब आणि पुनरुक्तीने भरलेला आहे. पहिल्या वाचनात तो सोडला तरी चालेल. अपवाद एकच : अठ्ठाविसावे प्रकरण. नाईल नदीला पूर का येतो, पक्षी ऋतू बदलताच कोठे जातात, समुद्राला भरती-ओहोटी कशाने येते, हेच जर आपल्याला निश्चित सांगता येत नाही, तर देवाच्या अंतरंगाचा नकाशा काढू नये, असे ते तेथे विनयाने सांगतात. याच भागात प्रभू येशू पन्नाशीच्या जवळ पोहोचेपर्यंत शिकवत होता, असे चमत्कारिक विधानही आहे, आणि तेही आशियातील वडीलधाऱ्यांच्या परंपरेच्या आधारावर केलेले आहे. परंपरेवर सर्वाधिक भर देणाऱ्या लेखकाच्या ग्रंथात परंपराच घसरल्याचे हे उदाहरण प्रामाणिक वाचकाने नजरेआड करू नये.

ग्रंथाचा गाभा तिसऱ्या भागात आहे, आणि वाचनाला सुरुवात येथूनच करावी. प्रतिपक्ष म्हणत असे की प्रेषितांनी निवडक लोकांना गुप्त ज्ञान दिले. आयरेनियस यांचे उत्तर साधे आहे : गुप्त ज्ञान असतेच तर प्रेषितांनी ते ज्यांच्या हाती मंडळ्या सोपवल्या त्यांनाच दिले असते, आणि त्या लोकांची नावे आम्ही सांगू शकतो. मग ते रोमच्या बिशपांची नावे सांगतात : लिनस, अनाक्लेटस, क्लेमेंट, आणि तेथून उतरत बारावे एल्युथेरस, जे त्या वेळी पदावर होते. हा भाग साधारण 174 ते 189 या काळात लिहिला गेला असे अभ्यासक ठरवतात ते याच नावावरून. यापाठोपाठ पॉलिकार्प यांच्या आठवणी येतात. इफिस येथील स्नानगृहात पाखंडी शिक्षक केरिंथस आत आहे असे कळताच योहान स्नान न करताच ‘पळा, छप्पर कोसळेल’ म्हणत बाहेर पडला, आणि ‘आम्हांला ओळखतोस का’ असे विचारणाऱ्या, जुन्या कराराचा देव नाकारणाऱ्या मार्सियनला पॉलिकार्प यांनी ‘सैतानाचा ज्येष्ठ पुत्र म्हणून ओळखतो’ असे उत्तर दिले. हे प्रसंग आज कानाला कर्कश लागतात, पण ते जसेच्या तसे वाचायला मिळणे हाच अशा खंडाचा लाभ आहे.

शुभवर्तमाने चारच का, याचे उत्तरही याच भागात आहे. जगाच्या चार दिशा आणि चार मुख्य वारे आहेत, म्हणून मंडळीलाही चार खांब असणे उचित, हा युक्तिवाद आजच्या वाचकाला पटणार नाही. महत्त्वाचे आहे ते असे की मत्तय, मार्क, लूक आणि योहान या चौघांना एकत्र, आणि केवळ या चौघांनाच, मान्यता देणारे इतके स्पष्ट विधान याआधीच्या उपलब्ध लेखनात आढळत नाही. हव्वेच्या आज्ञाभंगाने पडलेली गाठ मरीयेच्या आज्ञापालनाने सुटली, हे प्रसिद्ध वाक्यही तिसऱ्या भागाच्या बाविसाव्या प्रकरणात भेटते. वसईत किंवा गोव्यात मरीयेच्या भक्तीत वाढलेल्या कित्येकांना ‘गाठी सोडवणारी माता’ हे चित्र माहीत असते. त्याचे मूळ इतक्या प्राचीन लेखणीत आहे हे त्यांनी स्वतः वाचून पाहावे.

रोमच्या मंडळीविषयीच्या वाक्यापाशी मात्र या आवृत्तीची दुसरी उणीव ठळक होते. प्रत्येक मंडळीने रोमच्या मंडळीशी सहमत असणे आवश्यक आहे, असा अर्थ देणारे ते लॅटिन वाक्य शतकानुशतके वादात आहे. कॉक्स हे अँग्लिकन परंपरेतील बिशप होते, आणि पोपच्या अधिकाराविषयीचा त्यांचा विरोध त्यांच्या टिपणांत ठायी ठायी उमटतो. त्यांनी आपली भर चौकोनी कंसांत घातलेली असल्यामुळे ती ओळखता येते, ही गोष्ट त्यांच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. कॅथलिक वाचकाने चिडून पुस्तक बाजूला ठेवू नये आणि प्रॉटेस्टंट वाचकाने कंसातील मजकूर आयरेनियस यांच्या नावावर खपवू नये, इतकी काळजी दोघांनीही घ्यावी.

चौथ्या आणि पाचव्या भागांत खंडनापेक्षा मंडन अधिक आहे आणि आयरेनियस यांची खरी उंची येथे कळते. ‘देवाचा गौरव म्हणजे जिवंत माणूस’ हे वचन कॅलेंडरांवर आणि भेटकार्डांवर छापले जाते. चौथ्या भागाच्या विसाव्या प्रकरणात ते ज्या वाक्यात आहे, त्याचा उत्तरार्ध असा आहे की माणसाचे जीवन देवाच्या दर्शनात आहे. उत्तरार्ध गाळला की अर्थच पालटतो, आणि खड्यांच्या दृष्टान्ताच्या लेखकाबाबत हे घडावे याचे मला मनापासून वाईट वाटते. एकोणचाळिसाव्या प्रकरणात ते माणसाला सांगतात की, तू देवाच्या हातची कृती आहेस, म्हणून आपले हृदय मऊ आणि ओले ठेव, ते कडक झाले तर त्याच्या बोटांचे ठसे तू गमावशील. जड देहाला तुच्छ लेखणाऱ्या मतांना याहून सुंदर उत्तर मला ठाऊक नाही. पाचव्या भागात प्रकटीकरणातील 666 या अंकाला जुळणारी काही नावे ते देतात आणि त्यांतले एखादे निश्चित करण्याचे ठामपणे नाकारतात. अंताच्या तारखा काढणाऱ्या आजच्या प्रचारकांनी हे प्रकरण अवश्य वाचावे.

या दोन भागांबाबत तिसरी उणीव नोंदवावी लागते. 1904 साली येरेव्हान येथे एक अर्मेनियन हस्तलिखित सापडले. त्यात चौथा व पाचवा भाग तर होताच, शिवाय तोपर्यंत हरवलेला मानला जाणारा आयरेनियस यांचा ‘प्रेषितीय शिकवणुकीचे प्रमाण’ हा छोटा ग्रंथही होता. जेथे लॅटिन वाक्य धूसर आहे तेथे अर्मेनियन पाठामुळे पुष्कळदा अर्थ उजळतो. रॉबर्ट्स आणि रॅम्बॉट यांना ही सोय नव्हती, आणि हा छोटा ग्रंथ तर त्यांच्या खंडात असणेच शक्य नव्हते. प्रतिपक्षाच्या जंजाळाशिवाय आयरेनियस यांची श्रद्धा थोडक्यात समजून घ्यायची असेल, तर जॉन बेहर यांनी 1997 साली केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर स्वतंत्रपणे घ्यावे. ते लहान, स्वच्छ आणि वाचनीय आहे.

आता छापील प्रतीविषयी. मागणीनुसार छापून देणाऱ्या एका प्रकाशकाची स्वस्त प्रत मी प्रथम मागवली होती. जुन्या पानांची छायाचित्रे घेऊन ती छापलेली होती, तळटीपांतील ग्रीक अक्षरे काळ्या ठिपक्यांसारखी दिसत होती आणि शेवटची विषयसूची गाळलेली होती. या ग्रंथात तळटीपा आणि सूची यांच्यावाचून चालत नाही, त्यामुळे अशी प्रत घेऊ नये. खरेदीपूर्वी आतल्या पानांचा नमुना पाहावा, तळटीपा वाचता येतात का ते तपासावे, आणि सूची असल्याची खात्री करावी. संगणकावरील विनामूल्य मजकूर शोध घेण्यासाठी उत्तम आहे, कारण एखादे नाव किंवा शास्त्रवचन क्षणात सापडते. सलग वाचनासाठी मात्र बांधीव पुस्तकच हवे.

नव्या पर्यायांत डॉमिनिक अंगर यांचे भाषांतर सर्वांत विश्वसनीय वाटते. त्याचा पहिला भाग 1992 साली आणि दुसरा व तिसरा 2012 साली प्रसिद्ध झाला. टीपा विपुल आहेत, नव्या हस्तलिखितांची दखल आहे, पण एकेका भागाची किंमत विद्यार्थ्याला न परवडणारी आहे. फ्रेंच येणाऱ्यांसाठी रुसो आणि दुत्रलो यांची दहा खंडांची संशोधित आवृत्ती आहे. लॅटिन, अर्मेनियन आणि उरलेले ग्रीक यांची इतकी बारकाईची तुलना दुसरीकडे मिळणार नाही. पाळकीय शिक्षण घेणाऱ्यांनी आणि सेमिनरीच्या ग्रंथालयांनी अंगर यांचे खंड घ्यावेत. पोप फ्रान्सिस यांनी 21 जानेवारी 2022 रोजी आयरेनियस यांना ‘ऐक्याचे आचार्य’ म्हणून ख्रिस्तसभेचे आचार्यपद बहाल केल्यानंतर ज्यांच्या मनात त्यांच्याविषयी कुतूहल निर्माण झाले, अशा सामान्य वाचकांना जुना खंडच पुरेसा आहे. त्यांनी फ्लोरिनसला लिहिलेले पत्र, तिसरा भाग, चौथ्या भागाची विसावे आणि एकोणचाळिसावे ही प्रकरणे, मग पाचवा भाग, आणि सर्वांत शेवटी पहिला, या क्रमाने वाचावे.